प्रति: डीएनएनं पेशी चालते कशी?
वर दादांनी विचारलं की डीएनए तर माहिती साठवतो, तो पेशीला काय चालवणार. अहो इथे गोष्ट डीएनए ओरिगामीची, म्हणजे डीएनएचा धागा दुमडून आकार घडवायची, आणि पेशी चालते म्हणजे जागेवरून सरकते; त्यात डीएनएमधली माहिती कोणी वाचतच नाही, डीएनए नुसतं बांधकामाचं सामान. २००६ मध्ये पॉल रोथेमंड या शास्त्रज्ञानं एका विषाणूचा ७ हजारांवर अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या घटकांचा) डीएनए धागा घेऊन त्याला डीएनएच्याच छोट्या तुकड्यांनी टाके मारून पाहिजे तो आकार घडवला, तेच डीएनए ओरिगामी. आता पेशी सरकते ती तिच्या बाहेरच्या आवरणातल्या इंटिग्रिन नावाच्या प्रोटीननं खालचा पृष्ठभाग पकडून, आणि पकडायच्या जागा साधारण ७० नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) एकमेकींपासून लांब गेल्या की पकड धड बसतच नाही, ओरिगामीवर त्या जागा मोजूनमापून लावता येतात म्हणून एवढी धावपळ. कॅन्सरही पेशी सरकूनच पसरतो, म्हणून आमच्या नागपूरच्या कॉलेजातली पोरं लगेच कॅन्सरवर औषध आलं म्हणून मोकळी! काहून एवढी घाई बाप्पा, रक्तातली डीएनए कापणारी एन्झाइम्स (प्रोटीनं) ही ओरिगामी कुरतडून टाकतात, ती वाचवायला वरून पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा, थर द्यावा लागतो.