कंपनी नुसती गप्प बसली आणि शेअर पडला, तर अमेरिकेत केस होते का?

नवखी_गुंतवणूकदार: एका अमेरिकन कंपनीचे शेअर आहेत माझ्याकडे, तिथल्याच एक्सचेंजवर घेतलेले. धंद्याला मोठा फटका बसणारे हे कंपनीला आतून माहीत होतं असं आता दिसतंय, पण रिपोर्टमध्ये चकार शब्द नव्हता, आणि मग एका दिवसात शेअर धाडकन खाली. ‘खोटं बोललो नाही, फक्त सांगितलं नाही’ एवढं म्हणून सुटतात का हे लोक? बरीच बचत अडकलीये हो माझी.

कायदा_वाचक: वाईट वाटतं सांगायला, पण बऱ्याच अंशी हो. २०२४ चा मॅक्वायरी विरुद्ध मोॲब पार्टनर्स हा निकाल बघा. कंपनीची टर्मिनल्स होती, त्यात जड इंधन तेल साठवायचे, २०१६ मध्येच ठरलं की २०२० पासून जहाजांच्या इंधनात सल्फर ०.५ टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे त्या तेलाची मागणी घटणार हे उघड होतं, तरी रिपोर्टमध्ये त्यावर काही नाही. २०१८ मध्ये आकडे बाहेर आले आणि शेअर ४१ टक्के पडला. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की नुसत्या मौनावर रूल १०बी-५(बी), म्हणजे शेअर बाजारातल्या फसवणुकीविरुद्धचा नियम, याखाली गुंतवणूकदाराला दावा लावता येत नाही. मला हे अजूनही पटलेलं नाही, कारण असे धोके सांगायचे हा नियम आहेच, तो मोडल्यावर एसईसी, म्हणजे तिथली बाजार नियामक संस्था, कारवाई करू शकते, पण ज्याचे पैसे गेले त्याच्या हातात काय?

जुना_ट्रेडर: पण दार पूर्ण बंद नाहीये. अर्धसत्य सांगितलं असेल तर दावा चालतो. कोर्टानेच उदाहरण दिलंय, पोरगं अख्खा केक खाऊन गप्प बसलं ही एक गोष्ट, आणि ‘जेवणानंतर गोड खाल्लं’ एवढंच म्हणालं ही दुसरी. त्यामुळे ताई, जुने रिपोर्ट आणि कंपनी गुंतवणूकदारांसाठी घेते त्या कॉल्सचे ट्रान्सक्रिप्ट काढून बसा, ‘मागणी स्थिर आहे’ छापाचं एक जरी वाक्य सापडलं तरी तिथून सुरुवात होते.

नवखी_गुंतवणूकदार: एका कॉलमध्ये ‘ग्राहक टिकून आहेत’ म्हणालेत! पण मी तो तेव्हा ऐकलाच नव्हता, मग माझी फसवणूक झाली असं कसं म्हणणार?

कायदा_वाचक: तुम्ही ऐकलंच पाहिजे असं नाही. १९८८ च्या बेसिक विरुद्ध लेव्हिन्सनपासून कोर्ट असं धरून चालतं की जाहीर बोललेलं बाजारभावात उतरतं आणि तुम्ही त्या भावावर विसंबून घेतलं. २०१४ च्या हॅलिबर्टन निकालानंतर मात्र कंपनी सुरुवातीलाच दाखवू शकते की भावावर परिणाम झालाच नाही, आणि हल्ली खरी मारामारी तिथेच असते. शिवाय त्यांनी ते जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलं हे सुरुवातीच्या अर्जातच ठोस मांडावं लागतं, १९९५ च्या कायद्यामुळे, आणि त्या टप्प्यावर कंपनीची आतली कागदपत्रं मागता येत नाहीत.

तुम्ही तिथल्या एक्सचेंजवर घेतलेत हे बरं झालं, बाहेरच्या एक्सचेंजवरच्या खरेदीला २०१० च्या मॉरिसन निकालाने हा कायदाच लागू होत नाही. मुदत आहे, फसवणूक कळल्यापासून २ वर्षं आणि घडल्यापासून जास्तीत जास्त ५. कुणी आधीच केस टाकलीये का ते आजच बघा, कारण अशा सामूहिक केसमध्ये सगळ्यांच्या वतीने मुख्य फिर्यादी व्हायचं असेल तर नोटीस निघाल्यापासून ६० दिवसच मिळतात.