कांदा-टोमॅटोची महागाई : हवामान की साठेबाजी?

मानखुर्दकर
आमच्या वस्तीतील बचतगटाचा हिशेब मी पाहते. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोमागे शंभरी ओलांडून गेला आणि दिवाळीच्या सुमारास कांदाही भडकला, तेव्हा रोजंदारीवरच्या घरांत रेशनमुळे भात-चपाती टिकली, पण भाजी मात्र ताटातून गेली. यात हवामानाचा वाटा किती आणि साठेबाजीचा किती, हे जाणकारांनी सांगावे.

मूळचा निफाडचा
ताई, साठेबाजी होत नाही असे मी म्हणणार नाही. तथापि उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, ठेवून तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुरवावा लागतो, त्यामुळे काढणीच्या वेळी भिजलेला माल पुढे चाळीत सडतो. 2023 च्या मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस व गारपीट झाली. नंतरचा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरल्याने खरिपाचा लाल कांदाही लांबला, म्हणजे जुना संपत आला आणि नवा आलाच नाही. मुंबईत समज असा की शेतकऱ्याने हात धुऊन घेतले. पण ज्याची चाळ सडली त्याने विकायचे काय? डिसेंबरमध्ये लाल कांदा येऊ लागताच निर्यातबंदी झाली आणि भाव कोसळले.

वाशीचा हिशेबनीस
टोमॅटो आठवडाभरही नीट टिकत नाही, त्याची साठेबाजी कोण करणार? त्या वर्षी मे महिन्यात भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला होता. पुढची टंचाई काही अंशी त्यातूनच आली, सगळा दोष पावसाच्या माथी मारू नये.

रेशन अभ्यासक
धान्यही सुरक्षित नाही. 2022 चा मार्च देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण होता; उत्तरेत गव्हाचे दाणे बारीक राहिले, मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबली आणि काही राज्यांच्या मोफत धान्यात गव्हाच्या जागी तांदूळ आला.

मानखुर्दकर
सर्वांचे आभार. टोमॅटोऐवजी चिंच चालते, कांद्याला मात्र पर्याय नाही. मे महिन्यात गटाने पाच-सहा गोण्या घेऊन ठेवाव्यात का?

मूळचा निफाडचा
पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. चाळीला खालून आणि बाजूंनी वारा लागतो. कोंदट खोलीत पावसाळा सुरू होताच कांदा घाम धरतो. पंधरा दिवस पुरेल एवढाच, पातीची मान पूर्ण सुकलेला माल घ्यावा.