मदत हवी आहे: खोल पाण्यात बास माशासाठी जिग (जड डोक्याचा, नकली आमिषाचा गळ) नेमका कसा बांधायचा?

ऑस्टिनचा_नवशिका
नमस्कार. जिग तळाला लागला की अडकतो, ओढला की लाइन तुटते. मधूनच बारीक ठोका जाणवतो, मी झटका देतो आणि वर येतो रिकामा जिग. व्हिडिओ पाहून डोकं भणभणलंय, प्रत्येक जण वेगळंच सांगतो. शनिवारी पहाटे परत जायचंय. जिग, ट्रेलर (गळावर ओवायचं मऊ प्लास्टिकचं आमिष) आणि गाठ, कोणती जोडी बांधू तेवढं सांगा. बाकी काही नको.

खडकवासलेकर
कुठला तलाव? किती फूट पाणी? बोटीतून की काठावरून? तळ दगडी, चिखलाचा की बुडालेल्या झाडांचा? जिगचं डोकं कुठल्या आकाराचं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

ऑस्टिनचा_नवशिका
लेक ट्रॅव्हिस, टेक्सासमध्ये, ऑस्टिनजवळ. मित्राची बोट आहे. पंचवीसेक फूट असेल. तळाला दगडच दगड. जिग दुकानात मिळाला तो, ३/८ औंसाचा, काळा-निळा, गोल डोक्याचा. आता सांगा.

रेवदंड्याचा_गरवेकर
बास म्हणजे आपला जिताडाच ना? मग जिग कशाला? जिवंत कोळंबी लावा, शेपटीकडून गरी घाला म्हणजे ती फडफडत राहते. खाडीच्या तोंडाशी, भरती वळता वळता. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, जाड घ्या, जिताड्याच्या गालाची धार वाईट असते. आमच्याकडे आजोबांपासून हेच चालत आलंय.

चिवटगळ
रेवदंड्याचे दादा, जिताडा वेगळा. त्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात म्हणून घोटाळा होतो. हे विचारतायत तो लार्जमाउथ, गोड्या पाण्यातला, सनफिशच्या कुळातला, ब्लूगिलचा भाऊबंद.

धागाकर्ते, गोल डोकं दगडांच्या फटीत पाचरीसारखं बसतं. खडकाळ तळाला फुटबॉल जिगच हवा. त्याचं डोकं आडवं रुंद असतं, त्यामुळे ते फटीत घुसत नाही, दगडावरून लोळत पुढे सरकतं आणि लोळताना ट्रेलर वर उचलला जातो. पंचवीस फुटांवर ३/८ हलका पडतो. वारा असला की लाइनला झोळ येतो आणि तळ लागला की नाही तेच कळत नाही. १/२ ने सुरुवात करा, वारा वाढला तर ३/४. परवडत असेल तर टंगस्टनचा घ्या. शिशाहून बराच घन, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं डोकं लहान होतं, आणि दगड, वाळू, चिखल यातला फरक हाताला कळतो.

आणि जिगला उड्या मारायला लावू नका. दांडी आडवी धरून बाजूला ओढा, मग तेवढीच लाइन गुंडाळा.

शांत_पाणी
जिगचा हट्टच कशाला? ट्रॅव्हिसचं पाणी नितळ. उन्हाळ्यात तिथे ड्रॉप शॉट लावा. वजन खाली, गळ त्याच्या फूटभर वर, बारीक अळी. अडकलंच तर वजन जातं, बाकी सगळं वाचतं. मी तिथे दुसरं काही बांधतच नाही.

चिवटगळ
त्यांनी जिग विचारलाय. ड्रॉप शॉटला मासे लागतात, मान्य, पण माझा अनुभव असा की ते लहानच जास्त.

शांत_पाणी
हे तुमच्या तलावात असेल. अधांतरी तरंगणाऱ्या माशाला तळावरून घसटणारा जिग दिसणारच नाही. सोनार (बोटीवरचं तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) बघितल्याशिवाय दोघांपैकी काहीच बांधू नये.

खडकवासलेकर
भांडण नंतर. लाइन कुठली आहे ते अजून सांगितलंच नाही त्यांनी.

ऑस्टिनचा_नवशिका
ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, ३० पौंडी, थेट जिगला बांधलेली. ३० पौंडी आहे तर तुटायला नको ना?

खडकवासलेकर
तिथेच गोम आहे. ट्रॅव्हिसमध्ये २०१७ पासून झेब्रा शिंपले आहेत. दगडांवर त्यांचे थर बसतात आणि कडा पात्यासारख्या. ब्रेड सरळ ताणाला भक्कम, पण घासली की एकेक धागा कापला जातो. सरळ १५ पौंडी फ्लुओरोकार्बन भरा, एकाच सलग तंतूची लाइन. ती बुडते, घासणं जास्त सोसते. जिगला पालोमर गाठ, आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होते. मासा लागो न लागो, दर थोड्या वेळाने शेवटचा हातभर भाग बोटांतून फिरवा. खरखरीत लागला की कापून नवी गाठ.

शांत_पाणी
अख्खी रीळ बदलायची गरज नाही. ब्रेड राहू द्या, पुढे फ्लुओरोचा वावभर तुकडा, म्हणजे लीडर, जोडा, डबल युनी गाठीने. ब्रेड ताणली जात नाही, खोलवरचा ठोका नीट कळतो.

खडकवासलेकर
नवख्या माणसाला पहाटे बोटीत जोडगाठ बांधायला लावू नका. एक गाठ कमी, एक काळजी कमी.

माहितगार७
टेक्सासमध्ये १७ वर्षं आणि त्यावरच्या बहुतेक सगळ्यांना मासेमारीचा परवाना लागतो. आहे ना? मित्राची बोट असली तरी प्रत्येकाचा वेगळा. लार्जमाउथ १४ इंचांहून लहान असेल तर परत सोडायचा.

ऑस्टिनचा_नवशिका
परवाना आहे हो! ठोका लागून मासा का निसटतो त्याचं कुणीच बोललं नाही.

चिवटगळ
बुरूश तसाच ठेवलाय का? गळासमोर जे ताठ केस असतात ते. नव्या जिगला ते फार कडक असतात, माशाचा जबडा गळापर्यंत पोचतच नाही. अंगठ्याने दाबून पाहा, सहज वाकले पाहिजेत. आणि ठोका कळल्याबरोबर झटका देऊ नका. आधी ढिली लाइन गुंडाळा, वजन जाणवलं की मग जोरात, बाजूला. दांडी हेवी आहे ना? मऊ दांडीने एवढ्या खोल गळ रुतत नाही.

ट्रेलर खेकड्याच्या नांगीचा, क्रॉफिशसारखा. पुढचा भाग थोडा कापून आखूड करा आणि गळावर सरळ ओवा, वाकडा ओवला की जिग गोल फिरतो. रंग काळा-निळा गढूळ पाण्याला ठीक. नितळ पाण्यात ग्रीन पम्पकिन (तपकिरीसर हिरवा) किंवा तपकिरी.

शांत_पाणी
उन्हाळा आहे म्हणून एक सांगतोच. सोनारवर आडवी धूसर रेघ दिसली तर ती थर्मोक्लाइन, वरचं गरम आणि खालचं थंड पाणी यांच्यातली सीमा. तिच्या खाली ऑक्सिजन फारच कमी, तिथे जिग कितीही छान बांधा, मासाच नसतो. त्या रेघेच्या वर जिथे दगडी कडा येते तिथे टाका.

आणि तीस फुटांखालून मासा वर काढलात तर त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडल्यावर तो खाली जाऊ शकत नाही, वरच तरंगत मरतो. सोडायचाच असेल तर वजन लावून खाली नेणारी क्लिप मिळते, ती बोटीत ठेवा. एवढं कराच.

रेवदंड्याचा_गरवेकर
हा मासा खायला कसा लागतो? तिरफळ घालून कढी होईल का?

ऑस्टिनचा_नवशिका
म्हणजे १/२ औंस फुटबॉल, १५ पौंडी फ्लुओरो, पालोमर, तपकिरी, नांगीचा ट्रेलर. दांडी मीडियम-हेवी आहे, चालवून घेतो. बुरूश कात्रीने मुळापासून काढून टाकू का?

चिवटगळ
मुळापासून नको, मग परत दगडात अडकेल. गळाच्या टोकापेक्षा जेमतेम वर राहतील एवढेच ठेवा. तरी कडक वाटले तर मधले दोन-चार केस काढा आणि उरलेले दोन्ही बाजूंना पसरा. कापलेले केस पाण्यात टाकू नका.