एम.एस्सी.त मायक्रोबियल इकॉलॉजी शिकायची, तर पेट्रीडिशवर किती वेळ घालवायचा?

गाळउपसा (धागाकर्ता)

नव्या शैक्षणिक धोरणामुळे सगळीकडे अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जातायत, तर हे एकदा बोलून घेऊ. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीला 'मायक्रोबियल इकॉलॉजी' (सूक्ष्मजीव आणि त्यांचा परिसर यांचा अभ्यास) म्हणून जो पेपर असतो, त्याच्या प्रात्यक्षिकांत इकॉलॉजी नसते, असं माझं मत आहे.

कुठल्याही विद्यार्थ्याची प्रात्यक्षिकांची वही (जर्नल) उघडून बघा. माती आणा, सलाईनमध्ये दहा-दहा पटीने पातळ करा, न्यूट्रिअंट अगारवर (जिवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम) पसरा, ३७ अंशांना ठेवा, दुसऱ्या दिवशी कॉलन्या, म्हणजे उगवलेले ठिपके, मोजा. मग त्यातली एक उचलायची, ग्रॅम स्टेन (रंगवून बघणं), आयएमव्हिक (चार रासायनिक चाचण्यांचा संच), शर्करा (कुठली साखर वापरली जाते) असं सगळं करायचं आणि शेवटी बर्जीच्या मॅन्युअलवर (जिवाणू ओळखायचा संदर्भग्रंथ) बोट ठेवून लिहायचं, 'बॅसिलस असावा'. ३७ अंश हे माणसाच्या अंगाचं तापमान. (चंद्रपूरची मे महिन्यातली माती सोडून देऊ.) ही सगळी रीत दवाखान्याच्या लॅबमधून आली. रोगजंतू ओळखायला ती उत्तमच, पण मातीत काय चाललंय ते तिला विचारून उपयोग नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींपैकी फार थोड्या प्लेटवर उगवतात, हे स्टॅली आणि कोनोप्का यांनी १९८५ सालीच लिहून ठेवलंय. वूज आणि फॉक्स यांना १९७७ मध्ये आर्किया हा जिवाणूंहून वेगळा गट सापडला तो राइबोसोमच्या आरएनएवरून, कॉलनीच्या रंगावरून नाही.

२०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे कारण सांगितलं. आपल्या विद्यार्थ्याच्या हातात ती बाटली दिली असती, तर त्याने न्यूट्रिअंट अगारवर काय दिवे लावले असते?

म्हणून प्रात्यक्षिकांचे निम्मे तास डीएनए काढणं, सिक्वेन्सचं (डीएनएतल्या अक्षरांच्या क्रमाचं) विश्लेषण, आर (आकडेमोडीची संगणकभाषा) आणि संख्याशास्त्र यांना द्या. बायोकेमिकल टेस्ट बी.एस्सी.लाच संपवा.

जुनी_प्लेट

मुळातच असहमत. न्यूट्रिअंट अगार चुकीच्या जागी वापरला, त्यात अगारचा काय दोष?

लोणारचं पाणी आणलंत तर माध्यमाचा पीएच १० च्या आसपास हवा. सोडियम कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह करून मागाहून मिसळायचं, एकत्र तापवलं की साका बसतो. हॅलोआर्किया पाहिजेत तर मीठ २० टक्क्यांच्या आसपास लागेल. प्लेटा पिशवीत गुंडाळून दोन-तीन आठवडे विसरून जायच्या. हे सगळं ठरवताना त्या तळ्यात काय आहे, काय नाही, याचा विचार विद्यार्थ्याला करावाच लागतो. याला इकॉलॉजी नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास नायट्रिफिकेशनचे (अमोनियाचं नायट्रेट करणारे) जिवाणू असेच पकडले, माध्यमातून सेंद्रिय अन्नच काढून टाकून.

आणि एक अलीकडचं. २०१५ मध्ये समुद्रतळाच्या गाळातल्या डीएनएवरून लोकीआर्किओटा जाहीर झाले, म्हणजे आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींचे जवळचे नातेवाईक. जीनोम (त्या जिवाच्या डीएनएचा आराखडा) हातात होता, पण जीव कुणी पाहिला नव्हता. जपानी गटाने नानकाई खाचेजवळचा गाळ मिथेनवर चालणाऱ्या रिॲक्टरमध्ये ठेवून, पुढे नळ्यांमध्ये वाढवत वाढवत, त्याच कुळातला एक जीव वेगळा काढला. सगळी मिळून १२ वर्षं गेली, शोधनिबंध २०२० चा. तेव्हा कुठे कळलं की त्या पेशीला लांब, फाटे फुटलेले हात असतात, तिला सोबत मिथेन बनवणारा जोडीदार लागतो आणि एकाच्या दोन पेशी व्हायला दोन-तीन आठवडे जातात. हे हात जीनोममध्ये दिसले असते का?

गाळउपसा

बारा वर्षं! आपली एम.एस्सी. चार सेमिस्टरची आहे हो. शिवाय २०१५ चा तो जीनोम नसता तर नळीत काय वाढतंय हे त्यांना तरी कसं कळलं असतं?

जुनी_प्लेट

त्यांचा रिॲक्टर २००६ पासून चालू होता. बघा तारखा.

गाळउपसा

तारखा मान्य. तरी नळीतल्या जिवाची ओळख पटवायला डीएनएच लागला. नायट्रिफिकेशनचंही तेच. अमोनियाचं नायट्राइट एक गट करतो आणि नायट्राइटचं नायट्रेट दुसरा, हे आपण शंभर वर्षं पाठ केलं. २०१५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की काही नायट्रोस्पिरा जिवाणू दोन्ही पायऱ्या एकट्याने करतात. ते मेटाजीनोममुळे (नमुन्यातल्या सगळ्या जिवांचा एकत्र वाचलेला डीएनए) दिसलं.

जुनी_प्लेट

आणि तो मेटाजीनोम कशाचा होता? दोन्हीकडे आधी संवर्धन केलेलं होतं. पाइपातला आणि माशांच्या टाकीच्या गाळणीतला थर घेऊन, अमोनिया पुरवत महिनोन्‌महिने वाढवलेला.

खाजणकाठ

तुम्ही दोघंही नावं शोधताय. एकाला नाव प्लेटवर हवं, दुसऱ्याला स्क्रीनवर. तिथे काम किती होतंय, हे कोण मोजणार?

मी गोव्यात शिकले, त्यामुळे उदाहरण समुद्राचं. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळपास नसतो. तिथले जिवाणू नायट्रेट वापरतात, त्याचा शेवटी नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, आणि अधल्यामधल्या पायरीवर नायट्रस ऑक्साइड सुटतो. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट. आता हा नायट्रोजन घालवतं कोण, डीनायट्रिफिकेशन (वर सांगितलेली नायट्रेटची वाट) की ॲनामॉक्स (अमोनियम आणि नायट्राइट जोडून नायट्रोजन वायू करणं), यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. दोन्हीची जनुकं पाण्यात सापडतातच. पण जनुक असलं म्हणजे काम चालू आहे असं होत नाही. शेवटी नायट्रोजन-१५ ची खूण असलेलं नायट्रेट किंवा अमोनियम बाटल्यांत घालून, तासागणिक कुठला वायू किती निघतो ते मोजावं लागलं. त्या बाटल्या भरताना बाहेरचा प्राणवायू आत गेला की प्रयोग संपला. हे हाताला शिकवायला एक सेमिस्टर पुरत नाही, आणि दोघांच्याही वेळापत्रकात त्याला जागा नाही.

दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत प्रबंधासाठी जाणाऱ्या मुलांना पहिला धक्का हाच बसतो. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) येतो, पण विंकलरच्या पद्धतीने पाण्यातला प्राणवायू मोजता येत नाही. आमचे अर्धे मार्क बर्जीत गेले, आता पुढच्यांचे आरमध्ये जातील. रसायनशास्त्र शिकवा आधी.

एसटीपीवाला

वरचं सगळं वाचलं. सांडपाणी प्रकल्पावर काम करतो, आमच्याकडे दरवर्षी एम.एस्सी.वाले मुलाखतीला येतात. त्यांना विचारतो, एक लिटरच्या सिलिंडरमध्ये स्लज (टाकीतला जिवाणूंचा गाळ) अर्धा तास ठेवला आणि तो बसलाच नाही, तर काय समजाल? गप्प. अरे, स्लाइडवर थेंब टाक, तंतूंसारखे जिवाणू माजलेत का बघ, टाकीतली हवा कमी पडतेय का बघ. ही इकॉलॉजीच आहे ना? एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणारे घन पदार्थ) म्हणजे काय तेही माहीत नसतं. सिक्वेन्सिंगची आम्हाला गरज नाही, पेट्रीडिशची त्याहून नाही. सूक्ष्मदर्शक द्या पोरांना.

तृतीय_वर्ष_मायक्रो

मी प्रश्न विचारला तर चालेल का? यंदा बी.एस्सी. होईल. मला हाच विषय घ्यायचाय. घरचे म्हणतात फार्मा कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) लाग, स्टेरिलिटी टेस्ट (औषधात जंतू नाहीत ना ते बघणं) येते तेवढं पुरे. नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सेसमध्ये इकॉलॉजीचं युनिट आहे, पण त्यात बहुतेक प्राणी-वनस्पतीच. नक्की काय करू?

खाजणकाठ

घरच्यांना एवढं सांग की सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, घरभाडं वेगळं. नाही मिळाली तर मात्र त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. क्यूसीतला पगार पहिल्या महिन्यापासून येतो.

बेसाल्ट_खाली

धागाकर्त्यांशी थोडा सहमत, थोडा चिडलेला. सिक्वेन्सिंग शिकवा, पण आज ते जसं चालतं तसं नको. विद्यार्थी डीएनए काढतो, कंपनीला कुरिअर करतो, महिन्याने रंगीबेरंगी पट्ट्यांची पीडीएफ येते, ती प्रबंधात चिकटवतो. एकेका जिवाणूकडे १६एस जनुकाची (राइबोसोमच्या आरएनएचं, ओळख पटवायला वाचतात ते) एकच प्रत असते, कुणाकडे दहा-पंधरा. म्हणजे पट्टीची जाडी ही पेशींची संख्या नव्हे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. नेहमीचे बॅक्टेरियाचे प्रायमर (हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे तुकडे) वापरले तर लोणारचे हॅलोआर्किया त्या पीडीएफमध्ये येणारच नाहीत, गुलाबी पाण्याची बाटली हातात असूनसुद्धा!

कोयनेचं उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यात गोठणे इथे भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं, २०१७ मध्ये ते पूर्ण झालं. वर सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट, खाली ग्रॅनाइटसारखा खडक. आयआयटी खरगपूरच्या गटाने त्या खोलीतल्या खडकांतले सूक्ष्मजीव शोधले. अशा जागी डीएनए चिमूटभर असतो. ड्रिलिंगच्या चिखलातला, हातातला, अगदी डीएनए काढायच्या किटमधला परका डीएनएसुद्धा खडकातला म्हणून मिरवू शकतो. किटमधल्या या भेसळीवर २०१४ मध्ये शोधनिबंध येऊन गेला, तरी आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांत रिकामं किट चालवून बघितलेलं नसतं. म्हणून आधी ब्लँक (नमुना न घालता केलेली चाचणी) लावायला शिकवा, आर नंतर.

जुनी_प्लेट

ब्लँक लावायची सवय कुठे लागते? पेरणी न केलेली प्लेट इन्क्युबेटरमध्ये ठेवून. मी आपलं सुचवलं.

गाळउपसा

हा मुद्दा तुमचा. ब्लँकचं आणि बाटल्यांचंही पटलं. एसटीपीवाल्यांचं सूक्ष्मदर्शकाचंही पटलं. पण म्हणून प्लेटला पूर्वीएवढेच तास, हे नाही पटलं. तास आकाशातून पडत नाहीत, कुठून तरी काढावेच लागतात. मी अजूनही आयएमव्हिक आणि शर्करांवरच बोट ठेवतो. त्या चाचण्या पोटातल्या जिवाणूंना वेगळं करायला बनल्या, मातीला त्यांचा उपयोग शून्य. @तृतीय_वर्ष, प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन एकच विचार: नमुना आणायला मुलांना शेवटचं कुठे नेलं होतं? उत्तर 'कॅम्पसच्या बागेत' असेल तर दुसरा विभाग बघ.

एसटीपीवाला

बागेत नेलं तरी चालेल हो, बागेत काय कमी चाललंय? परत येऊन काय मोजलं ते विचार.

जुनी_प्लेट

काढायच्या चाचण्यांची यादी टाका, मग बोलू. एमआर-व्हीपी (आयएमव्हिकमधल्या दोन चाचण्या) घेऊन जा, मला दुःख नाही. यूरिएज चाचणीला मात्र हात लावायचा नाही. शेतात टाकलेल्या युरियाचा अमोनिया त्याच विकराने होतो, आणि शेतकऱ्याचा नायट्रोजन हवेत जातो की पिकात, हे तिथूनच सुरू होतं.

गाळउपसा

यूरिएज ठेवला. पण नळी लाल झाली की 'पॉझिटिव्ह' एवढं लिहून सोडायचं नाही, तासाला किती अमोनिया सुटला ते मोजायचं. मोजणार असाल तर अर्धा तास माझ्या वाट्यातून घ्या.