मधेच एक गळला तर?

चौघांनी मिळून खेळायचा एक नवा गेम येतोय, त्याबद्दल कुणी म्हणालं की खेळाडू वाढतील तसा राक्षसाचा जीव (म्हणजे तो मरेपर्यंत किती मार खातो ते) वाढला की झालं. नाही होत. मधेच एखादा गळला तर काय? फोंड्यात जून लागला की लाईट कधी जाईल नेम नसतो. राक्षस अर्धा मेलेला, आणि म्हापशाचा चुलतभाऊ तिकडे एकटा चौघांचा मार खातोय!

'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' या शिकारीच्या गेममध्ये (2018) आधी दोनच हिशेब होते, एकटा किंवा टोळी. दोघांनाही चौघांएवढाच जीव फोडावा लागायचा. 2019 च्या 'आइसबॉर्न' या त्याच्याच विस्ताराने दोघांसाठी वेगळं माप आणलं आणि कुणी बाहेर पडला की ते चालू शिकारीतच खाली यायला लागलं. मला हेच हवंय.

मार खाऊन पडलेल्या खेळाडूला उठवण्याबाबत मात्र 'एल्डन रिंग नाइटरेन'ची (2025) युक्ती उचलावी. तिथे साथीदाराला उठवायचं तर त्याच्यावरच वार करायचे. ऐकायला विचित्र, पण बटण दाबून त्याच्या उशाशी बसून राहण्यापेक्षा झकास. लांबून बाण मारूनही काम होतं. पुन्हा पुन्हा पडणाऱ्याला उठवायला जास्त वार लागतात, तेही रास्तच.

राक्षस मेल्यावर मिळणारी लूट ज्याची त्याला वेगळी पडू दे. 'डायब्लो 2'सारखं आधी क्लिक करील त्याचं ठेवलं तर आमच्या घरात चतुर्थीला कुणी कुणाशी बोलणार नाही.

आणि होस्टचंच, म्हणजे ज्याच्याकडून खेळ चालतो त्याचंच, नेट गेलं तर खेळ दुसऱ्याकडे जाणार का, हे कुणी वाचलंय का कुठे?