रुमालाचं टोक

हेल्मेट-हातमोजे देऊनही कामगार वापरत नाहीत म्हणून अपघात होतात, असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं. फिरत्या रोलरपाशी तर हातमोजाच आधी ओढला जातो. मी जळगावकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, आठ हंगाम फिटर होतो. तिथे कापसाची धूळ इतकी उडते की जो तो नाकातोंडाला रुमाल गुंडाळतो आणि त्याचं टोक लोंबत राहतं. माझ्यासमोर एका पोराचं ते टोक यंत्राच्या बेल्टात गेलं. बेल्टावरची संरक्षक जाळी सकाळी सफाईला काढलेली, ती भिंतीला टेकवून तशीच. रुमाल फाटला म्हणून पोरगा वाचला, पण मानेवरचा वळ कितीतरी दिवस होता.

चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं. धुळीचं नावही नाही! १९४८ च्या कारखाना कायद्यात तर चालू यंत्र तपासणाऱ्याला घट्ट बसणारे कपडे मालकाने पुरवायचे, असं स्पष्ट होतं. आधी धूळ ओढणारे पंखे बसवा, चांगले मास्क द्या. आणि जाळी काढली की मोटर बंद पडेल असा लिमिट स्विच लावा. आमच्याकडे त्या प्रकारानंतर तो लावला, दोन दिवसांत काम झालं.