वितंडवाद म्हणजे नक्की काय? (आणि मॉडरेटरला काय म्हणावं)

प्रश्न

आमच्याकडे दर महिन्याला विज्ञानावर खुली चर्चा असते, कोणीही यावं कोणीही बोलावं, तिची नियमावली मराठीत लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एकाने मसुद्यात पहिलाच नियम टाकलाय "वितंडवाद करू नये". मला खटकतोय, पण का ते नीट सांगता येत नाहीये. मागच्या वेळी एक गृहस्थ सगळ्यांच्या फक्त चुका काढत बसले, स्वतःचं काहीच मांडलं नाही, त्यावरून हा नियम आलाय. पण नुसत्या चुका काढणं म्हणजे वितंडवाद का? आणि मॉडरेटरला मराठी शब्द सुचवा प्लीज, सूत्रसंचालक म्हटलं की शाल-श्रीफळ आणि चारोळ्याच आठवतात.

खोडरबर

न्यायसूत्रात, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार दिलेत, वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे खरं काय ते कळावं म्हणून केलेली चर्चा, प्रमाणं द्यायची, तर्क लावायचा. जल्प म्हणजे जिंकायला केलेली, तिथे छल (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ लावणं) वगैरे सगळं चालतं. आणि वितंडा म्हणजे आपली बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची पाडायची फक्त. गीतेतल्या "वादः प्रवदतामहम्" मधला वाद तो हा पहिला, चांगला.

मराठीत मात्र वाद म्हणजे भांडण नाहीतर कोर्टातला दावा, आणि वितंडवाद म्हणजे डोकं खाणं. जल्प तेवढा परवापरवा परत आलाय, पेपरवाले ट्रोलला जल्पक म्हणतात, ते मला फार आवडतं कारण अर्थ बरोबर बसतो, ट्रोलला काही कळून घ्यायचंच नसतं. हुज्जतचीही अशीच घसरण, अरबीत पुरावा किंवा युक्तिवाद, आपल्याकडे रिक्षावाल्याशी घालतात ती.

शेंडेफळ

मग ते गृहस्थ व्याख्येत फिट्ट बसतात की! स्वतःचा पक्ष नाही, नुसतं खंडन. नियम बरोबर आहे, राहू द्या.

चौकस

नाही हो. सूत्र असं आहे, "स प्रतिपक्षस्थापनाहीनो वितण्डा". सगळे पुढचा लांबलचक शब्द (स्वतःची बाजू न मांडणारा) बघतात आणि पहिलं अक्षर सोडून देतात. स म्हणजे तो, म्हणजे आधीच्या सूत्रातला जल्प. म्हणजे वितंडा ही जल्पाचीच जात, आधी जिंकायची खुमखुमी आणि छलकपट पाहिजे, वर स्वतःची बाजू नाही. नुसती बाजू नाही एवढ्यावर कोणी वितंडवादी ठरत नाही.

आणि विज्ञानात तर हा फरक फार महत्त्वाचा आहे. 2011 चा सप्टेंबर आठवा, ऑपेरा प्रयोगवाल्यांनी जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीत ग्रान सास्सोच्या प्रयोगशाळेला, साधारण 730 किलोमीटर, पाठवलेले न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचतायत. जगभरातून आक्षेप आले. त्यातल्या बहुतेकांकडे चूक नेमकी कुठे आहे याचं उत्तर नव्हतं, ऑपेराची यंत्रं त्यांनी थोडीच बघितली होती. ते एवढंच म्हणत होते की हे जुळत नाही. 1987 च्या सुपरनोव्हातून (ताऱ्याच्या स्फोटातून) आलेले न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तासच आधी पोचले होते, आणि तेही ते ताऱ्यातून आधी सुटतात म्हणून, ऑपेराचा वेग धरला तर ते चारेक वर्षं आधी यायला हवे होते. न्यायदर्शनात ज्याला तर्क म्हणतात तो हाच, तुझं खरं मानलं तर बघ काय विचित्र निष्पन्न होतं (आपण मराठीत अंदाजाला तर्क म्हणतो, असो). पुढे 2012 च्या सुरुवातीला फायबर ऑप्टिक केबलचं कनेक्शन नीट बसलं नव्हतं हे ऑपेरावाल्यांनीच शोधून सांगितलं. आता तुमचा नियम तिथे लावला असता तर "स्वतःचं काही मांडा, नाहीतर गप्प बसा" म्हणून सगळ्या आक्षेपवाल्यांना उठवावं लागलं असतं.

शेंडेफळ

बरं, ऑपेरावाले सभ्य होते, त्यांनी स्वतःच तपासा म्हणून जगापुढे ठेवलं. सगळे तसे नसतात. खरंच डोकं खाणाऱ्याचं काय करायचं ते सांगा ना.

काढेवाला

यावर चरकसंहितेत विमानस्थानाचा आठवा अध्याय वाचा. एकाच विद्येतल्या लोकांच्या चर्चेला तद्विद्यसंभाषा असा शब्द आहे, तिचे दोन प्रकार, संधायसंभाषा म्हणजे सलोख्याची आणि विगृह्यसंभाषा म्हणजे खुन्नसवाली. पहिलीत सांगितलंय की बिनधास्त विचारा, हरायची भीती बाळगू नका, समोरचा हरला तर हुरळू नका आणि बाहेर फुशारक्या मारू नका. दुसरीत मात्र चक्क डावपेच आहेत, समोरच्याचं वाचन कमी असेल तर लांबलचक सूत्रं म्हणून त्याला दाबा! आजही हे करणारे लोक आहेत, फक्त सूत्रांऐवजी पेपरांच्या लिंका फेकतात. आणि श्रोत्यांचेही प्रकार केलेत, जाणती सभा आणि मूढ सभा, त्यात परत मित्र, तटस्थ आणि आधीच दात धरून बसलेली. शेवटच्या सभेत कोणाशीच बोलू नका म्हणतो चरक.

खोडरबर

काढेवाला, मस्त. त्यात भर, न्यायसूत्रकारही वितंडेला पूर्ण टाकत नाहीत. चौथ्या अध्यायात म्हटलंय की कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तसे तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा. म्हणजे कुंपण म्हणून ठीक, पीक म्हणून नाही.

आणि शेंडेफळ, डोकं खाणाऱ्याचं उत्तर निग्रहस्थान या शब्दात आहे. मराठीत निग्रह म्हणजे मनाचा ठामपणा, तिथे निग्रहस्थान म्हणजे जिथे माणूस हरला असं धरायचं ती जागा. 22 दिल्यात. प्रतिज्ञांतर म्हणजे अडचणीत आल्यावर आपलं विधान हळूच बदलणं. अर्थांतर म्हणजे भलत्याच विषयावर जाणं, आपण अवांतर म्हणतो ते. पुनरुक्त कळलंच असेल. निरनुयोज्यानुयोग (एका दमात म्हणून दाखवा) म्हणजे चूक नसताना चूक झाली म्हणून ओरडणं. आणि समोरचा चुकलाय तरी ते दाखवून न देणं हेसुद्धा निग्रहस्थान आहे बरं का, पर्यनुयोज्योपेक्षण. तुमच्या गृहस्थांना यांवर तपासा. चुका खऱ्या होत्या का? दाखवल्यावर मान्य केलं का?

चौकस

मॉडरेटरला मध्यस्थ म्हणू नका. शास्त्रार्थात मध्यस्थ म्हणजे निकाल देणारा, पण मराठीत तो जमिनीच्या व्यवहारात कमिशन खातो नाहीतर भांडण मिटवतो. इथे मिटवायचं नाहीच आहे, प्रकाशाचा वेग थोडं तुझं थोडं माझं करून ठरत नसतो. प्राश्निक हा जुना छान शब्द होता, वादाचा पंच, पण तो आता विद्यापीठात पेपर काढतो. नियंत्रक म्हटलं की एसटी स्टँड. मला साधा पंच बरा वाटतो, खेळत नाही, नियम मोडला तर शिट्टी वाजवतो.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. चुका खऱ्याच होत्या, त्यातली एक तर माझ्याच स्लाइडवर होती. वितंडवाद काढतेय. त्याऐवजी, आक्षेप घेणाऱ्याने स्वतःचा सिद्धांत मांडलाच पाहिजे असं नाही, विधान बदलायचं असेल तर सांगून बदला, अवांतर नको, तेच तेच नको. मॉडरेटरला पंच. एक शंका, न्यायसूत्रात जाती असाही प्रकार दिसला, 24 आहेत म्हणे, तोही घालू का?

खोडरबर

जाती म्हणजे वरवरच्या साम्यावरून दिलेलं पोकळ उत्तर. अर्थ कामाचा आहे पण तो शब्द नोटीस बोर्डावर लावू नका हो ताई, विज्ञान राहील बाजूला. "फसवं साम्य" लिहा.